अचानक तपासणीचे हार्दिक स्वागत

१ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. निवृत्त झालो त्याच दिवशी सुरू करणार होतो. त्याला तिसरं वर्ष लागलं, पण घाईत सुरू केलेलं काही टिकत नाही.

संकल्प तीन. रोज पहाटे चालणं, चहात साखर बंद, आणि वज्रदीप स्टीलला वठणीवर आणणं. पहिले दोन उद्यापासून. तिसरा आजच.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, पुढेमागे कुणी अभ्यास केला तर. आमचं सम्यक नगर कंपनीच्या भिंतीला लागून आहे. कंपनी भंगार वितळवून सळई काढते आणि तिची काजळी आमच्या गच्च्यांवर पडते. त्याच गच्च्यांवर कौसल्याच्या बचत गटाच्या कुरडया, पापड, शेवया वाळतात. गेल्या उन्हाळ्यात अर्धा माल काळा पडून अंबडच्या दुकानदाराकडून परत आला. यंदा पुन्हा काळा आला तर ऑर्डर बंद, असं त्याने सांगितलंय. म्हणजे गटच बंद. कौसल्या हल्ली गच्चीवर जाऊन नुसतीच आभाळाकडे बघत उभी असते. हे मला बघवत नाही. नवरा म्हणून आणि नागरिक म्हणूनही.

३ मार्च
कृती समिती स्थापन. अध्यक्षपदी माझी एकमताने निवड. बायका तेव्हा भिजल्या गव्हाचा चीक काढत होत्या, हात भरलेले होते, त्यामुळे विरोधाला कुणी हात वर केला नाही.

कल्याण आला होता. शेजारचा पोरगा, कंपनीत लोडिंगला असतो. त्याने आतली खबर दिली. धूर ओढून घ्यायचं यंत्र कंपनीकडे आहे, चांगलं मोठं आहे, पण लाईट फार खातं म्हणून बंद ठेवतात. साहेब लोक यायच्या दिवशी तेवढं चालू. म्हणाला, मामा, त्या दिवशी आमाला मास्क अन् बूट बी देतेत, सांजच्याला वापस घेतेत. माझं नाव मात्र कुठं घेऊ नका, लेकरंबाळं हायेत.

त्याला म्हणालो, निर्धास्त राहा.

४ मार्च
चालायला गेलो नाही. हवेत काजळी.

९ मार्च
कंपनीत जाऊन समक्ष इशारा दिला. मॅनेजर कुलथे खुर्चीतून उठून उभे राहिले! ए.सी. उत्तम. चहा आला. साखर होती, पण परक्याच्या चहाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. मी कडक शब्दांत सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यासारखे जागरूक नागरिक असले म्हणजे आम्हाला दिशा मिळते. कधीही या, फक्त यायच्या आधी एक फोन करा. माझा नंबर त्यांनी सेव्ह केला.

उद्योगपतींना दबावाखाली कसं आणायचं हे लोकांना कळत नाही.

घरी येऊन कौसल्याला सांगितलं. तिने विचारलं, मंग यंत्र चालू करतो म्हणले का? म्हटलं, विषय निघालाच नाही, पण वातावरण तयार झालंय.

१६ मार्च
कौसल्याने नवीनच खूळ काढलंय. जुन्या पांढऱ्या चादरीचे तुकडे केलेत. रोज सकाळी एक तुकडा गच्चीवर बांधते, संध्याकाळी सोडते, त्यावर पेनने तारीख घालते आणि ट्रंकेत ठेवते. सगळे काळेकुट्ट. गटातल्या चतुराबाईच्या आणि वंदनाच्या गच्चीवरही तेच. मी समजावलं की याला शास्त्रीय आधार नाही. निवेदन हवं, शिष्टमंडळ हवं, माईक हवा. चतुराबाई हसली. सत्तरी उलटली आहे तिची, म्हणून सोडून दिलं.

४ एप्रिल
कौसल्या आणि वंदना मला न विचारता जालन्याला प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात जाऊन आल्या. अध्यक्ष घरात बसलेला असताना! जरा लागलं मनाला. पण तिथल्या अधिकारी मॅडमनी नीट ऐकून घेतलं म्हणे. जयंती झाली की २२ तारखेला अचानक तपासणीला येते म्हणाल्या. तुमच्यातल्या कुणीतरी समोर असावं एवढ्यासाठी सांगते, बाकी कुणाला कळू देऊ नका.

कौसल्या मला म्हणाली, तुमच्यापशी लपवून मी कधी काही केलं न्हाई म्हणून सांगून राह्यले. बाहेर बिलकुल बोलू नका बरं. आपलं सगळं याच्यावर हाय.

मी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. गुप्तता माझ्या रक्तात आहे.

५ एप्रिल, दुपारी
गुप्ततेचा विचार करत होतो. एक सरकारी अधिकारी, त्यातून महिला, आपल्या नगरात पहिल्यांदा येणार आणि स्वागताला कुणी नाही? ती काय म्हणेल? अंबडच्या स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो तेव्हा माईकवर पुकारा केल्याशिवाय एक गाडी फलाटावरून हलली नाही. कुठली गाडी, किती वाजता, कुठे लागेल, हे आधी सांगितलं की कामं सुरळीत होतात. गुप्तता आपल्या जागी, नियोजन आपल्या जागी.

१५ एप्रिल
काल जयंती दणक्यात झाली. आज फ्लेक्सवाला मिथुन मोकळा सापडला, फ्लेक्स छापायला टाकला. मजकूर माझा. 'प्रदूषण मंडळाच्या मा. अधिकारी मॅडम यांच्या दि. २२ रोजीच्या अचानक तपासणीनिमित्त सम्यक नगर येथे हार्दिक स्वागत!' मिथुन डोकं खाजवत म्हणाला, काका, अचानक हाय तर तारीख कशाला टाकून राह्यले? त्याला सांगितलं, तारखेशिवाय लोक येणार कसे? पोरगं होतकरू आहे, पण अनुभव कमी.

मॅडमचा फोटो मिळाला नाही. त्या जागी माझाच टाकला, कानाला मोबाईल लावलेला. मोठा आलाय.

१८ एप्रिल
स्टेजवर अध्यक्षाशेजारी प्रमुख पाहुणा नसला तर सगळं लंगडं दिसतं. फार विचार केला. कुलथेसाहेबांना फोन केला. त्यात धोरण आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच समोर बसलेला असला म्हणजे पळवाट राहत नाही. त्यांनी तारीख दोनदा विचारून घेतली. घाबरले असणार. मग म्हणाले, नक्की येतो, खुर्च्या आणि मंडप आमच्याकडून. फ्लेक्सवर त्यांचं नाव वाढवायला सांगितलं.

कौसल्याला यातलं काही सांगितलेलं नाही. सरप्राईज! ती बहिणीकडे पिंपळगाव रेणुकाईला गेली आहे, एकवीसला शेवटच्या गाडीने येईल. तिच्या डोळ्यांतला आनंद मला बघायचाय.

२१ एप्रिल, संध्याकाळी
फ्लेक्स लावला. फाट्यावर दोन खांब फक्त कंपनीच्या गेटासमोर आहेत, म्हणून तिथे. गेटवरचा वॉचमन बराच वेळ वाचत होता. जनजागृती होते आहे.

२२ एप्रिल, सकाळी ७
काय दिवस उजाडलाय! आभाळ निळं. धुराचा मागमूस नाही. कंपनीचं गेट धुतलेलं, दोन्ही बाजूंना झाडांच्या कुंड्या. कामगारांच्या पायात नवे बूट, तोंडाला मास्क. निसर्गसुद्धा आपल्या बाजूने आहे.

कौसल्याने फाट्यावर जाऊन फ्लेक्स पाहिला. खूप वेळ उभी होती. भारावली असावी.

रात्री ९
दगा. दगा. दगा.

मॅडम साडेअकराला आल्या. फ्लेक्ससमोर गाडी थांबवून उतरल्या, तो पूर्ण वाचला आणि चष्मा काढून पुसला. आत गेल्या तर यंत्र गरगर चालू! बाहेर येऊन म्हणाल्या, मला जे दिसलं तेच मी लिहिणार. दुसरं काय लिहू शकते?

सत्कार नियमात बसत नाही म्हणाल्या. शाल तर मी उघडली होती. चारचौघांत उघडलेली शाल परत घडी करणं शोभत नाही. शेजारी कुलथे उभे होते, त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या पडल्या. कंपनीच्याच माणसांच्या, हे नंतर लक्षात आलं.

कुणीतरी आधी खबर दिली. त्याशिवाय हे शक्यच नाही. आपल्यातच कुणीतरी फितूर आहे. सतरंजीवर शेजारी बसून चहा पिणारा! जेवण गेलं नाही. माणसावर भरवसा टाकायची सोय राहिली नाही.

कौसल्याने आजचा कपडा सोडला. पांढराशुभ्र. तिने त्याच्यावर तारीख घातली आणि वेगळा, नीट घडी करून ठेवला. माझ्याकडे पाठ करून ट्रंकेला कुलूप लावलं. तिलाही फितुरीचा धक्का बसलाय.

२३ एप्रिल
पेपरात बातमी. 'पर्यावरणपूरक कंपनीचा नागरिकांतर्फे सत्कार.' फोटोत कुलथे पूर्ण, शाल पूर्ण, माझा फक्त हात. पत्रकारही फितूर.

२४ एप्रिल
धूर पुन्हा सुरू. काल घातलेल्या कुरडया आज काळ्या. चतुराबाई परातीपाशी बसली होती. एक कुरडई उचलून फुंकर मारली, पदराने पुसली, मग परत ठेवली. म्हणाली, तीन दिस गहू भिजवला, पहाटं उठून चीक शिजवला, अन् हे बघा. मी म्हणालो, मावशी, फितुराला मी सोडणार नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली.

तपास सुरू. संशयित: वंदना (सतत मोबाईलवर), मिथुन (मजकूर त्याच्याकडे होता), कल्याण (पगार कंपनीचा). तिसरा सर्वांत जड. आतली खबर जो बाहेर आणतो, तो बाहेरची आत नेणार नाही कशावरून?

२६ एप्रिल
सोक्षमोक्ष लावायला कुलथेंना भेटलो. (आधी फोन करून. शिस्त ती शिस्त.) सरळ तोंडावर विचारलं, तपासणीची खबर तुम्हाला कल्याणनेच दिली ना? कारण यंत्र बंद असतं हे आम्हालाही त्यानेच सांगितलं होतं, म्हणजे दोन्हीकडून खेळतोय.

कुलथे पेन उचलत म्हणाले, कल्याण का? लोडिंगचा? बरं झालं सांगितलंत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी टाळलं. चोराच्या मनात चांदणं. चहात साखर जास्त होती.

२८ एप्रिल
कल्याणला कामावरून काढलं. यावरून सगळं सिद्ध होतं. आपला माणूस उघडा पडला म्हणून कंपनीने त्याला लपवला.

संध्याकाळी तो घरी आला. मी नेमका मोरीत होतो. तिथून ऐकू येत होतं. कौसल्याला म्हणत होता, मामी, माझं नाव साहेबापशी फक्त मामानंच घेतलं म्हणून सांगतेत. मामा असं करतील का ओ? मला लहानपणापून अंबडच्या गाडीत फुकट बसवायचे.

कौसल्या काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. तो गेल्यावरही मी बराच वेळ मोरीतच थांबलो. पाणी चांगलं येत होतं.

१ मे
घरात कुणी नीट बोलत नाही. मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघं आणि सूनबाई प्रीती. दोघी मी आलो की गप्प होतात. आज प्रीतीच्या मोबाईलवर एक ग्रुप दिसला. नाव 'कुरडई'. गटातल्या सगळ्या बायका त्यात आहेत. मी नाही. विचारलं तर म्हणाली, पप्पा, रेसिपीचा ग्रुप हाय तो.

कल्याण त्या ग्रुपमध्ये आहे. कल्याणला कसली रेसिपी?

ज्या समितीचा मी अध्यक्ष, ती माझ्या पाठीमागे चालली आहे. अंबडच्या स्टँडवर लोक मला विचारल्याशिवाय गाडीत चढत नव्हते.

४ मे
समितीची बैठक बोलावली. मी आणि मिथुन. तो फ्लेक्सच्या उधारीसाठी आला होता.

६ मे
शेवटी कदर झाली, पण बाहेरच्यांकडून. प्रीतीचे वडील, म्हणजे आमचे व्याही राजानंदराव, ९ तारखेला टेंभुर्णीला माझा जाहीर सत्कार करणार आहेत! पर्यावरण कार्याबद्दल. कौसल्याने स्वतः माझ्या कपड्यांना इस्त्री केली. म्हणाली, पहिल्या गाडीनं जा, वापस यायची जल्दी करू नका. गोड बोलली. किती दिवसांनी! माझ्या मोबाईलची काच फुटली आहे, तीही प्रीती त्याच दिवशी बदलून आणणार आहे, म्हणून मोबाईल घरी ठेवायचा आहे. घरच्यांबद्दल मनात वाईट विचार आणले याची लाज वाटली.

भाषण तयार. विषय: फितुरी, कारणे व उपाय.

९ मे, टेंभुर्णी, दुपारी २
मंडप नाही. फ्लेक्स नाही. स्टँडवर घ्यायला राजानंदराव एकटेच आले होते. म्हटलं, कार्यक्रम कुठे आहे? म्हणाले, घरीच ठिवला, ऊन लय हाय. घरात ते आणि त्यांचे थोरले भाऊ. शाल घातली, नारळ दिला. मी विचारलं, बाकीचे कधी येणार? म्हणाले, पाव्हणं, हाच कार्यक्रम.

शाल ओळखीची वाटली. मागच्या वर्षी मीच त्यांना घातली होती.

भाषण मात्र पूर्ण केलं. थोरले भाऊ झोपले, पण बसून. मग जेवण. मग राजानंदराव म्हणाले, आराम करा. मग म्हणाले, आणखी आराम करा. दोनदा निघालो, दोनदा चप्पल सापडली नाही.

४.३०
राजानंदरावांना फोन आला. ते म्हणाले, झालं का? बराबर? लय भारी झालं बाई. फोन ठेवला आणि माझी चप्पल आणून समोर ठेवली. म्हणाले, आता गेले तरी चालतंय पाव्हणं.

१० मे
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

काल मॅडम आल्या होत्या. खरोखर अचानक. तारीख फक्त कौसल्याच्या विश्वासातल्यांना माहीत होती. यंत्र बंद. कुलथे म्हणाले, आज सकाळीच बिघडलं, रोज चालू असतं. तेव्हा कौसल्याने ट्रंक उघडली. बायकांनी कंपनीच्या भिंतीला दोरी बांधून तारखेप्रमाणे सगळे कपडे टांगले. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळे. मध्ये एकच पांढरा, २२ एप्रिलचा. मॅडमनी विचारलं, या दिवशी काय होतं? प्रीतीने मोबाईलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्यातलं प्रमुख पाहुण्यांचं नाव मोठं करून दाखवलं. मग पेपरातली शाल दाखवली. मॅडम कुलथेंना म्हणाल्या, यंत्र बिघडलेलं नसतं, पाहुणे यायच्या दिवशी ते बरोबर चालतं.

फ्लेक्सचा फोटो त्यांच्या फाईलला लागला.

एवढ्यावर बायका थांबल्या नाहीत. काळ्या कुरडयांच्या पराती घेऊन गेटासमोर बसल्या. सळईच्या गाड्या आत अडकल्या. मालक स्वतः आले. संध्याकाळी लिहून दिलं. यंत्र कायम चालू. गटाच्या दोघी कधीही, न सांगता, आत येऊन बघणार. मास्क आणि बूट रोजचे, कामगारांनी घरी न्यायचे. कल्याण सोमवारपासून कामावर.

हे सगळं मी टेंभुर्णीला आराम करत असताना.

मी फार चिडलो. म्हटलं, बायको, सून, व्याही, सगळे मिळून मला फसवता? अध्यक्षाला? मला सांगायला काय झालं होतं? कौसल्या कुरडईचा सोऱ्या पुसत होती. म्हणाली, तुमाला सांगितलं असतं तर तुमी पुकारा केला असता.

म्हटलं, मग २२ तारखेला फितूर कोण होता, ते तरी सांग! तिने सोऱ्या खाली ठेवला. प्रीतीचा मोबाईल माझ्या हातात दिला. फ्लेक्सचाच फोटो होता. मी तो बराच वेळ पाहिला. माझा फोटो खरंच खूप मोठा आलाय.

नंतर म्हणाली, मला शब्द दिल्ता तुमी. हातावर हात ठिवून. मग आत निघून गेली. तिने आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं.

१४ मे, सकाळी १०
चालायला गेलो नाही. गच्चीवर राखण करायला बसवलंय, हातात काठी. कावळे फार आहेत.

कुरडया फ्लेक्सवर वाळत घातल्यात. फ्लेक्स धुऊन पालथा टाकलाय. मी सुचवून पाहिलं की सुलटा टाकला तर काय हरकत आहे. कौसल्या म्हणाली, रंग लागतो मालाला. त्यामुळे माझं तोंड खाली आहे, गच्चीच्या फरशीकडे, आणि वर कुरडया. एकही काळी नाही. अंबडच्या दुकानदाराचा फोन आला होता, आणखी पाठवा म्हणतो.

मघाशी कल्याण खालून ड्युटीवर गेला. नवे बूट. मी वरून हाक मारली. त्याने मान वर न करता जय भीम घातला आणि चालत राहिला. एरवी थांबायचा. त्याच्याशी बोलायचं आहे. काय बोलायचं ते दोन दिवस जुळवतोय, जमत नाही. माईकवर बोलण्यासारखं ते नाही.

मॅडम पुन्हा येणार आहेत म्हणे. कधी येणार, ते घरात आणि नगरात सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं नाही.